मध्यम पल्ल्याची धाव आणि रोजची हजेरी



वसंत व्याख्यानमालेत युनियनचा माणूस उभा राहिला की तो महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी धावण्यावर बोलणार आहे. तेही मॅरेथॉनवर नव्हे, की शंभर मीटरच्या झपाट्यावर नव्हे. तर त्या दोहोंच्या मधल्या, ८०० आणि १५०० मीटरांच्या शर्यतींवर. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि गेटसभांत. धावण्यावरची पुस्तकेही अशीच, हाती लागतील तशी वाचली. आणि गेली काही वर्षे आमच्या वस्तीतील पळणाऱ्या मुलामुलींच्या वह्या मी तपासतो. एवढाच माझा अधिकार.

या शर्यती आपल्यापासून फार दूरच्या आहेत असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात पोलीस शिपाई व्हावयाचे तर मुलाला १६०० मीटर आणि मुलीला ८०० मीटर पळून दाखवावे लागते. म्हणजे मध्यम पल्ल्याची धाव ही केवळ ऑलिंपिकच्या खेळाडूंची बाब नाही. हजारो घरांच्या चुलीशी तिचा संबंध आहे. भरतीची जाहिरात आली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पोरांचे थवे दिसू लागतात. पहिल्या दिवसापासून जिवाच्या आकांताने पळतात. तिसऱ्या आठवड्यात एकाची नडगी दुखू लागते, दुसऱ्याला ताप येतो, तिसरा कंटाळतो. आणि महिना-दीड महिन्यात रस्ता पुन्हा मोकळा. २०१४ च्या जून महिन्यात मुंबईच्या पोलीस भरतीत, उन्हाच्या काहिलीत ५ किलोमीटर पळताना काही तरुण कोसळले आणि प्राणास मुकले. त्यानंतर अंतर कमी करण्यात आले. अंतर कमी झाले हे बरेच झाले. परंतु वर्षभर न पळालेल्या शरीराला एका दिवसात सगळे मागण्याची आपली रीत काही त्यामुळे बदलली नाही.

आमच्या कारखान्याच्या भाषेत एक शब्द आहे : खाडा. न सांगता, न ठरवता चुकलेली हजेरी म्हणजे खाडा. मस्टरवर त्याची रेघ पडते आणि पगारातून पैसे जातात. ठरलेली सुट्टी ही निराळी गोष्ट. सुट्टी हा कामगाराचा हक्क आहे, ती कामाच्या रचनेतच बसवलेली असते. खाडा मात्र रचना मोडतो. धावपटूच्या सरावाबद्दल मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक या दोन शब्दांतील फरकात येते. मध्यम पल्ल्याचा धावपटू त्याच्या सर्वांत कठीण दिवसाने तयार होत नाही. खाडा न पडता गेलेल्या आठवड्यांनी तो तयार होतो. आणि ज्या वेळापत्रकात खाडे हटकून पडणारच, ते कागदावर कितीही तेजस्वी दिसले तरी वाईट वेळापत्रक होय.

याचे उत्तम उदाहरण मला जगाच्या दुसऱ्या टोकाला सापडले. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात आर्थर लिडियार्ड नावाचा एक गृहस्थ होता. जन्म १९१७ चा. जोडे तयार करण्याच्या कारखान्यात तो काम करी, आणि संसाराला हातभार म्हणून पुढे घरोघरी दूध टाकण्याचेही काम त्याने केले. विशीच्या अखेरीस एका वयाने मोठ्या मित्राबरोबर तो पाच मैल पळावयास गेला आणि त्याची पार दमछाक झाली. त्याला प्रश्न पडला : आताच ही अवस्था, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी काय होईल? तेथून पुढे कित्येक वर्षे त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. आठवड्याला थोडे पळून पाहिले, अतोनात पळून पाहिले. जोरात पळून पाहिले, संथ पळून पाहिले. डॉक्टर नव्हता, प्राध्यापक नव्हता. जोड्याच्या कारखान्यातला कामगार आपल्या पायांनी शास्त्र शोधीत होता. (ही गोष्ट मला विशेष आवडते हे लपविण्यात अर्थ नाही.) शेवटी आठवड्याला सुमारे १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, दमदार पण न धापलता पळणे हे त्याच्या शरीराला सर्वांत मानवते, असे त्याला आढळले. १९५३ आणि १९५५ साली तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला.

आता यात मध्यम पल्ल्याचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. खरी मौज तेथेच आहे. त्याच्या घराच्या आसपास राहणारी काही तरुण मुले त्याच्याकडे पळावयास येऊ लागली. लिडियार्डने ८०० मीटर पळणाऱ्यालाही मॅरेथॉनवाल्यासारखाच पाया घालावयास लावला. रविवारी सगळ्यांनी मिळून वाइताकेरेच्या डोंगररस्त्याने २२ मैलांची फेरी. जी शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते तिच्यासाठी अडीच-तीन तास पळावयाचे! लोकांना हा वेडेपणा वाटला. ही सगळी पोटासाठी काम करणारी मुले. त्यांचा सराव नोकरीच्या आधी आणि नोकरीनंतर चाले.

२ सप्टेंबर १९६० रोजी रोमच्या ऑलिंपिकमध्ये यांतला २१ वर्षांचा पीटर स्नेल ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उभा राहिला. फारसे कोणी त्याला ओळखत नव्हते. शेजारी बेल्जियमचा रॉजर मोएन्स, त्या वेळचा जागतिक विक्रमवीर. आणि जमेकाचा जॉर्ज कर, जो नुसत्या वेगात भल्याभल्यांच्या पुढे होता. पण ध्यानात घ्या, त्या अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचण्यासाठी प्रत्येकाला तीन दिवसांत चार वेळा ८०० मीटर पळावे लागले होते. चौथ्या वेळी वेगवान पायांत शिसे भरले आणि स्नेल शेवटच्या काही पावलांत मोएन्सला मागे टाकून गेला. वेळ १ मिनिट ४६.३ सेकंद. त्यानंतर तासाभरातच त्याच गटाचा मरी हॅलबर्ग ५००० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकला. रग्बीतील दुखापतीने त्याचा डावा हात लुळा झालेला होता. मॅरेथॉनमध्ये बॅरी मॅगी तिसरा आला. एका शहरातली, एका कामगाराच्या देखरेखीखाली वाढलेली ही तीन माणसे. पुढे २७ जानेवारी १९६२ रोजी वांगानुई येथे गवताच्या मैदानावर स्नेलने मैलाचा जागतिक विक्रम केला, ३ मिनिटे ५४.४ सेकंद, आणि त्याच्या काही आठवडे आधी तो पूर्ण मॅरेथॉन पळून बसला होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ८०० आणि १५०० अशी दोन्ही सुवर्णपदके त्याने घेतली.

हे असे का होते, याचे उत्तर शरीराच्या हिशेबात आहे. स्नायूंना लागणारी शक्ती दोन वाटांनी येते. श्वासातून आलेल्या प्राणवायूवर अन्न जाळून जी शक्ती मिळते ती रोख मजुरी समजा. काम करा, घ्या, पुन्हा करा. प्राणवायू पुरा पडत नाही तेव्हा शरीर दुसऱ्या वाटेने, प्राणवायूवाचून, झटपट शक्ती काढते. ती म्हणजे ऊसतोड मजुराने मुकादमाकडून घेतलेली उचल. तातडीला उपयोगी, पण फार काळ घेता येत नाही आणि फेडावी लागते. फेडीची वेळ आली की पाय जड होतात, छाती भात्यासारखी चालते. पुष्कळांची समजूत अशी की ८०० मीटर ही सगळी उचलीवरची शर्यत. वस्तुतः मापन करणाऱ्यांना असे आढळले आहे की मुरलेल्या धावपटूच्या बाबतीत ८०० मीटरला जवळजवळ दोन-तृतीयांश आणि १५०० मीटरला चार-पंचमांशाहून अधिक शक्ती रोखीतून येते. मग रोख मजुरी वाढविल्यावाचून नुसती उचलीची मर्यादा वाढवून काय साधणार?

रोख मजुरी वाढते ती संथ, लांब, रोजच्या पळण्याने. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते, स्नायूंत केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि प्राणवायू वापरणारी पेशींतली यंत्रे वाढतात. हे काम महिनोन्‌महिने चालते. पळणे थांबले की ही सगळी मंडळी फार वाट पाहत नाहीत. तीन-चार आठवडे पडून राहिलेल्या माणसाचा दम स्पष्ट उतरतो. आणखी एक गोष्ट पोरांना समजावणे मला सर्वांत कठीण गेले आहे. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि शिरा मागे राहतात. सहा आठवड्यांत छातीला वाटते आपण आता काहीही करू. नडगीचे हाड मात्र अजून मागच्या महिन्यातच असते. नवशिक्यांची बहुतेक दुखणी या अंतरात जन्मतात.

लिडियार्डची व्यवस्था शर्यतीच्या तारखेपासून मागे मोजत येते. संपाची नोटीस देताना आम्हीही असेच मागे मोजतो, म्हणून ती मला चटकन उमगली. आधी दहा-बारा आठवडे, जमल्यास अधिक, पाया. मग काही आठवडे चढावर उसळत पळणे, ज्याने पायांत ताकद येते. मग साधारण चार आठवडे मैदानावरील जोरकस धावा, म्हणजे उचलीचा सराव. शेवटी थोडे धार लावण्याचे काम आणि विश्रांती. क्रम उलटा करून चालत नाही. आपली पोरे नेमके उलटेच करतात. पहिल्या दिवशीच घड्याळ लावून १६०० मीटर. पण भरतीच्या पोराची एक अडचण खरी आहे. त्याला तारीखच माहीत नसते, जाहीर झालेली तारीखही पुढे ढकलली जाते. त्यावर उपाय एकच : पाया बारमाही चालू ठेवावा, आणि तारीख पक्की झाल्यावर शेवटच्या सहा-सात आठवड्यांतच मैदानावरचे जोराचे काम काढावे. ज्याचा पाया चालू आहे त्याला तारीख पुढे गेली तरी दुःख नाही.

१६० किलोमीटरांचा आकडा ऐकून कोणी उद्या सकाळी निघू नये. ती मुले वर्षानुवर्षांनी तेथवर पोहोचली होती. ज्याला आज वीस-पंचवीस मिनिटे न थांबता पळता येते त्याने आठवड्यातून पाच दिवस तेवढेच पळावे, एक दिवस थोडे लांब जावे, एक दिवस सुट्टी घ्यावी. वेग कोणता? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, एवढाच. दर आठवड्याला चार-पाच मिनिटांहून अधिक भर नको, आणि तीन आठवडे वाढविल्यावर चौथ्या आठवड्यात उलट थोडे कमी करावे. जोराचे काम सुरू होईल तेव्हा ४०० मीटरच्या चार-सहा धावा, शर्यतीत जो वेग हवा त्याच वेगाने, मध्ये तेवढाच वेळ सावकाश जॉगिंग. हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, आणि लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. उन्हाळा सुरू होताना पहिले दहा-बारा दिवस हात आखडता घ्यावा, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. ताप अंगात असताना पळणे हे शौर्य नव्हे.

वही ठेवावी. फार नको, तारीख, किती मिनिटे, झोप किती, कुठे दुखले का. मी वही पाहतो तेव्हा वेग पाहत नाही, खाडे पाहतो. आणि खाडा कुठल्या वारी पडतो ते पाहतो. एका मुलाच्या वहीत दर मंगळवारी रेघ. चौकशी करता कळले की सोमवारी त्याची दुसरी पाळी रात्री बाराला सुटते आणि मंगळवारी पहाटे त्याने चढाचे काम लिहून ठेवले होते. मुलगा आळशी नव्हता, कागद चुकीचा होता. चढाचे काम गुरुवारी नेले, मंगळवारी सुट्टी टाकली. रेघा बंद झाल्या. ज्यांच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात त्यांना मी सांगतो की पळणे घड्याळाला बांधू नका, उठण्याला बांधा. रात्रपाळी करून दुपारी एकला उठलात तर तुमची सकाळ तेव्हाच. थोडे काही पोटात घालून, उन्हे उतरली की पळा. आणि पाळी बदलण्याच्या आठवड्यात जोराचे काम ठेवूच नका. झोपेचा तुटवडा हाही एक प्रकारचा भार आहे, तो वहीत लिहिला नाही तरी शरीर लिहून ठेवते.

सुट्टीबद्दल थोडे अधिक बोलावयाचे आहे, कारण मेहनती मुलांना सुट्टी घेताना अपराध्यासारखे वाटते. पळताना शरीर मोडते. ते बांधले जाते झोपेत आणि विश्रांतीत. १९५४ साली ऑक्सफर्डला ४ मिनिटांच्या आत मैल पळणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर. वैद्यकाचा विद्यार्थी, त्यामुळे सराव बहुधा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. त्या हिवाळ्यात तो सोबत्यांबरोबर पाव मैलाच्या दहा धावा करी, मध्ये दोन मिनिटे विसावा. वेळ हळूहळू उतरत ६१ सेकंदांवर आली आणि तेथेच अडकली. आणखी जोर लावण्याऐवजी तो आणि मित्र तीन दिवस स्कॉटलंडच्या डोंगरांत कडे चढावयास निघून गेले. परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्या धावा ५९ सेकंदांत होऊ लागल्या. ६ मे रोजी ३ मिनिटे ५९.४ सेकंद.

आपल्याकडे आठवड्याची सुट्टीही फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळविली. त्याआधी गिरणीतला माणूस महिनोन्‌महिने रोज भोंग्याला धावत होता. आणि न्यूझीलंडबद्दल बोलतोच आहे तर हेही सांगतो : १८४० साली तेथे नव्याने उतरलेल्या सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने दिवसाला आठ तासांच्या वर काम करणार नाही असे ठणकावले, आणि सुतार दुर्मिळ असल्याने त्याचे ऐकावे लागले. पुढे आठ तासांचा दिवस तेथे रुजला. लिडियार्डच्या मुलांना संध्याकाळ मिळाली ती कुणीतरी शंभर वर्षे आधी मागून ठेवली होती, असे मला म्हणावेसे वाटते. दहा-बारा तास उभे राहून काम करणाऱ्या कंत्राटी पोराला कोणी सातत्याचे महत्त्व सांगू लागला की मला त्या उपदेशकाला आधी पाळीचे तास विचारावेसे वाटतात.

आपल्या देशातील बहुतेक चांगले धावपटू सैन्य, रेल्वे, पोलीस यांतून आले याचे कारणही हेच. श्रीराम सिंग सैन्यातला. १९७६ साली माँट्रियलच्या अंतिम शर्यतीत पहिली फेरी सर्वांच्या पुढे राहिला, १ मिनिट ४५.७७ सेकंदांत सातवा आला, आणि त्याचा तो राष्ट्रीय विक्रम २०१८ पर्यंत, ४२ वर्षे टिकला. आपल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, आणि तेथे तो धावपटू झाला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत दुसरा. केनियाचा विजेता केवळ पाच शतांश सेकंदांनी पुढे. सैन्यात पगार आहे, जेवण आहे, ठरलेली झोप आहे, सोबत पळणारे आहेत. या चार गोष्टी एकत्र आल्या की खाडे आपोआप कमी होतात. साताऱ्याच्या माण तालुक्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तिलाही रेल्वेच्या नोकरीचा आधार होता.

मुलींचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द. मुलींच्या वह्यांतील खाडे मी पाहिले तर थकव्याचे थोडेच. पहाटेचा रस्ता अंधारा आहे, सोबत कोणी नाही, भाऊ आज यायला तयार नाही. कारणे ही असतात. तीन-चार मुलींनी मिळून एका वेळेला निघावे, हा त्यातल्या त्यात मार्ग. दुसरे असे की घरात शेवटी आणि कमी जेवणाऱ्या मुलीला धावपटू करता येत नाही. रक्तात लोह कमी असेल तर दम वाढतच नाही, कितीही पळा. आणि पाळी महिनोन्‌महिने येईनाशी झाली तर पुष्कळदा ते अन्न अपुरे पडत असल्याचे लक्षण असते. हाडे ठिसूळ होतात त्यातून. आयांनी ही गोष्ट लाजेत झाकू नये, डॉक्टरांना दाखवावी.

राहता राहिले मैदान. डांबरी रस्त्यावर नडग्या लवकर दुखतात, माती बरी. नगरपालिकेची मैदाने पुष्कळ गावांत आहेत, पण फाटकाला कुलूप असते आणि ते सहानंतर उघडते. ज्याची पहिली पाळी सातला लागते त्याला या कुलपाचा काही उपयोग नाही. पहाटे साडेचारला फाटक उघडावे, कोपऱ्यावर दोन दिवे लावावेत आणि पाण्याचा एक नळ चालू ठेवावा, एवढी मागणी घेऊन सभेनंतर आपण अर्जावर सह्या गोळा करणार आहोत. कागद दरवाजाजवळच्या टेबलावर आहे. ज्यांच्या घरातून कोणी पळते त्यांनी जाताना तेथे थांबावे.